लेकराच्या हाती पहिला कॅमेरा देताना



बारावीचा निकाल लागला की घरोघरी पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. आता कोरेगाव भीमासारख्या गावातली मुलगीही बापाला सांगते, "आबा, मला फोटोग्राफी शिकायचीय." पुणे इथून तीसेक किलोमीटरवर. तिथे भारती विद्यापीठात फोटोग्राफीचे स्वतंत्र शिक्षण मिळते. प्रवेश होतो, फी भरली जाते, आणि मग सामानाची यादी हाती येते. यादीत पहिलेच नाव असते, डिजिटल एस.एल.आर. कॅमेरा. कांद्याची पट्टी नाहीतर उसाचे बिल अजून हाती पडायचे असते आणि दुकानदार एकाहून एक महाग डबे पुढे मांडतो. अशा वेळी काय पाहावे, ते आज समजून घेऊ.

हा कॅमेरा वेगळा कशाने?

या कॅमेऱ्यात भिंगामागे एक तिरका आरसा असतो. भिंगातून आलेला उजेड आरशावर पडून वरच्या खिडकीत जातो आणि भिंग जे पाहते तेच आपल्या डोळ्याला दिसते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडतो. फोटो उमटतो तो तिथे.

अलीकडे कंपन्यांचा सगळा भर बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. निकॉनने डी३५०० हा विद्यार्थ्यांचा आवडता कॅमेरा बनवणे थांबवले आहे. म्हणून आरशाचा कॅमेरा टाकाऊ झाला असे मात्र समजू नका. शिकायला तो आजही उत्तम आहे. उलट बरेच जण नव्याकडे वळल्यामुळे चांगले जुने कॅमेरे आणि भिंगे बाजारात येतात, हा आपला फायदाच आहे.

पाटाचे दार आणि पाण्याची पाळी

फोटोग्राफीचे मूळ गणित शेतकऱ्याला चटकन कळेल. पाटाचे दार किती उघडायचे आणि पाणी किती वेळ सोडायचे, यावर वाफा भरतो. भिंगातले छिद्र हे ते दार, आणि पडदा उघडा राहतो तो वेळ ही पाण्याची पाळी. तिसरी गोष्ट आय.एस.ओ. थोडा उजेडही पुरवून घ्यायचा असेल तर ती वाढवावी लागते. फार वाढवली की फोटोत दाणे दिसतात.

या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने बदलता आल्या पाहिजेत. त्यासाठी कॅमेऱ्याच्या चकतीवर 'एम' हे अक्षर असते. स्वस्तातल्या डिजिटल एस.एल.आर.लाही ही सोय असते. म्हणून मेगापिक्सेलच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. भिंतीवर लावण्याजोगा मोठा फोटो काढायला १८ किंवा २४ मेगापिक्सेल पुरून उरतात.

भिंगासाठी पैसे राखा

सगळी रक्कम कॅमेऱ्यात घालू नका. कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ मिलिमीटरचे भिंग येते. दर १ जानेवारीला जयस्तंभापाशी लोटणारी गर्दी असो की घरचे लग्न, सुरुवातीला ते पुरते. त्याच्या जोडीला पुढे ५० मिलिमीटरचे १.८ छिद्राचे भिंग घ्यावे. त्याचे दार मोठे उघडते, त्यामुळे सांजवेळी गोठ्यातही काम निघते. शिवाय मेमरी कार्ड, जादा बॅटरी, पिशवी आणि तिपाई यांचाही खर्च धरा.

दोन गोष्टी दुकानात आवर्जून विचारा. निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० मध्ये फोकसची मोटर नाही. त्यांना ए.एफ.-एस. किंवा ए.एफ.-पी. जातीचेच भिंग घ्यावे, नाहीतर फोकस हाताने करावा लागतो. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी-२ या कॅमेऱ्यांत फ्लॅश बसतो तिथली मधली टाचणी नाही. साधे जुने फ्लॅश आणि स्टुडिओचे बरेच ट्रिगर त्यांवर चालत नाहीत. मुलीला पुढे स्टुडिओचे काम करायचे असेल, तर ही उणीव आधीच ध्यानात घ्या.

जुना घेताना दात पाहा

चाकणच्या बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. जुन्या कॅमेऱ्याचेही तसेच. त्याचे शटर किती वेळा पडले आहे ते विचारा. सुरुवातीच्या वर्गातील कॅमेऱ्याचे शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेले असते. भिंगातून बॅटरीचा झोत टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का पाहा. छिद्र लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. बिलावरचा आणि कॅमेऱ्यावरचा नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर मळणीच्या धुळीत भिंग बदलू नये. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

वाटाण्याच्या वेलाची गोष्ट

त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके आधी फोटोग्राफरच होते. १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले आणि सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले. परतल्यावर त्यांनी पहिल्यांदा मोठा बोलपट-नाटक काही मांडले नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढेपर्यंत रोज थोडे थोडे चित्रण केले. ती छोटीशी फिल्म पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

पॉलिसी आणि दागिने गहाण टाका, असे आम्ही सांगणार नाही. पहिल्या कॅमेऱ्यासाठी कर्जही काढू नका. वाटाण्याचा धडा मात्र घेण्याजोगा आहे. रोज काम करणाऱ्याच्या हातात साधा कॅमेराही बोलतो.

म्हणून खरेदीची घाई नको. आधी मुलीला शिक्षकांकडे पाठवून विचारू द्या: वर्गात कोणता कॅमेरा वापरतात, संस्थेकडून वापरायला मिळतो का, पहिल्या सहा महिन्यांत कोणते भिंग लागेल? पुण्यात कॅमेरे दिवसाच्या भाड्यानेही मिळतात. दोन दिवस आणून तिला वापरू द्या. हातात नीट बसतो का, वजन पेलते का, हे तिलाच कळेल. दुकानात जाताना तिला बरोबर न्या आणि शेवटी कोणता घ्यायचा ते तिला ठरवू द्या. पैसा तुमच्या घामाचा असला, तरी तो कॅमेरा रोज डोळ्याला लावायचा आहे तिला.