कडी आतून लागते

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा जिथून सुचला त्या जागेवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून मी या विषयाला हात घातला.

हकिकत थोडक्यात अशी. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये कारभार प्रजेच्या हाती सोपवला. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या गांधीवादी इंजिनिअरच्या आग्रहाने संस्थानाने कैद्यांना माणदेशच्या माळावर शेती करायला मोकळं सोडलं. पुढे याच मुलखातल्या गदिमांनी कथा लिहिली, व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये सिनेमा काढला आणि तो बर्लिनच्या महोत्सवापर्यंत गाजला.

मला सिनेमापेक्षा इथल्या घरांनी जास्त गुंतवलं. या वसाहतीत कैद्याला बायकापोरांसह राहता येतं. बराकीच्या दाराला कडी-कुलूप बाहेरून. इथे दार लावायचं तर कडी आतून. बराकीत वर्षानुवर्षं दुसऱ्याने दार बंद करायची सवय लागलेल्या माणसाला हा एवढासा फरक केवढा वाटत असेल! हजेरी द्यायची, रानात राबायचं, संध्याकाळी चुलीपाशी पोराचा अभ्यास बघायचा. पळायला रान मोकळं आहे, पण पळालं तर संसार मागे राहतो. शिवाय खुल्या तुरुंगात महिन्यामागे शिक्षेत महिनाभर माफी मिळते. पळणारा तीही गमावतो. फ्रीडमनचा माणसांवरचा विश्वास भाबडा नव्हता, असं मला ठामपणे वाटतं.

अडचण इथवर पोचण्याची आहे. आधी बंद तुरुंगात काही वर्षं काढायची, वर्तणूक चांगली ठेवायची, मग निवड समितीपुढे नाव. तेवढ्या काळात आई जाते, बायको माहेरी निघून जाते, भाऊबंद जमिनीची वाटणी उरकतात. ज्या संसाराच्या भरवशावर ही योजना उभी, तोच कित्येकांचा उरलेला नसतो. त्यात वसाहत लहान, मोजक्याच कुटुंबांची.

अशा वसाहती जिल्ह्याजिल्ह्यांत काढा, असं म्हणणाऱ्यांत मीही आहे. पण त्याने मोठ्या तुरुंगांतली दाटी फारशी हटणार नाही. देशातल्या दर चार कैद्यांपैकी जवळपास तिघे कच्चे कैदी आहेत, खटल्याच्या तारखेची वाट बघत बसलेले. स्वतंत्रपूरला जायला आधी शिक्षा झालेली असावी लागते.