पाय कापण्याआधी एवढं विचारा

ठिबकची नळी चोकअप झाली म्हणून कुणी मोसंबीची बाग उपटतं का? आधी नळी साफ करतो. पायाच्या रक्तवाहिनीचंही तसंच. मधुमेहाने, बिडी-तंबाखूने ती चोंदते, जखम काळी पडते आणि पाय कापायची पाळी येते. १९६४ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या बाईची अशीच वाहिनी बारीक नळीने मोकळी करून पाय वाचविला. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, सुईच्या छिद्रातून हे काम करणारे ते इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. जखम भरेना, पाय गार लागतो? हळद भरून बसू नका. नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा आणि विचारा, ‘डॉक्टरसाहेब, रक्तवाहिनी मोकळी करता येईल का?’ प्रत्येक पाय वाचेलच असे नाही. पण उशिराने नुकसान आपलेच.