पित्ताची पिशवी काढली, तरी पोट का दुखतं?

खडे झाले, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, टाके सुकले. मग महिना-दोन महिन्यांनी उजव्या बरगडीखाली पुन्हा तीच कळ! प्रभादेवी-परळच्या आपल्या घरांतून अशा वेळी दोनच गोष्टी ऐकू येतात: "डॉक्टरने ऑपरेशन बिघडवलं" किंवा "गॅस असेल, गोळी घे." दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

हे ऑपरेशन आता नवं नाही. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात 1990 मध्ये मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केली.

मुळात पित्त यकृतात तयार होतं. पिशवी ते फक्त साठवते. ती काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरत राहतं. म्हणून काहींना तळलेलं खाल्लं की पोट फुगतं, जुलाब होतात. बहुतेकांचं हे हळूहळू कमी होतं. रोजे सुरू असतील तर इफ्तारला भजी-समोशांवर एकदम ताव मारू नये, थोडं थोडं खावं. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या वायूमुळे.

पण दुखणं टिकलं तर कारण शोधायलाच हवं. कधी एखादा खडा आधीच पित्तनलिकेत घसरलेला असतो. कधी नलिका अरुंद होते किंवा तिच्या तोंडाची झडप नीट उघडत नाही. कधी तर मूळ दुखणं अल्सरचं किंवा आतड्याचं असतं. सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून दोष त्यांच्यावर गेलेला असतो.

डॉक्टर आधी लिव्हरची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी सांगतात. नलिकेतला खडा सोनोग्राफीत सुटू शकतो. तेव्हा एमआरसीपी करतात. खडा सापडलाच, तर बहुतेक वेळा ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तो काढता येतो. पुन्हा पोट उघडावं लागत नाही. परळचं महापालिकेचं केईएम रुग्णालय आपल्याला जवळच आहे. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि सगळे जुने रिपोर्ट सोबत न्या.

डोळे पिवळे होणं, लघवी गडद, शौच पांढरट, थंडी वाजून ताप, न थांबणाऱ्या उलट्या, पाठीपर्यंत जाणारी जोराची कळ: यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आपल्या अम्मी, खाला, आपा दुखणं लपवतात, घरचं सगळं आवरून मग सांगतात. तेव्हा त्यांनी सांगायची वाट पाहू नका, तुम्हीच विचारा.