हाडाचे दुखणे आणि ताप: अंगावर काढू नका

मुलाचा पाय दुखू लागला की 'खेळताना मार लागला असेल' म्हणून आपण तेल चोळतो. पण सोबत ताप असेल, एकाच जागी सूज असेल, ती जागा गरम लागत असेल, मूल पाय टेकवत नसेल, तर हाडाला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. डॉक्टर याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. फोड, जखम यांतून जंतू रक्तात शिरतात आणि हाडात पोहोचतात.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. या आजारात हाडाचा रक्तपुरवठा अडतो आणि अशा हाडात जंतू लवकर घर करतात. सिकलसेलची कळही अशीच असते, म्हणून 'नेहमीचेच दुखणे' समजून फसगत होते. ताप आला की त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा आणि सिकलसेल असल्याचे आधी सांगा.

पहिले १० ते १४ दिवस एक्स-रेमध्ये काही दिसेलच असे नाही. रक्ततपासणी, एमआरआय लागू शकते. अँटिबायोटिक आधी शिरेतून, मग गोळ्यांनी, साधारण ४ ते ६ आठवडे चालते. पू झाला असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते.

ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडू नका. हाड कुजते, वर्षानुवर्षे पू वाहतो, मुलाच्या पायाची वाढ खुंटू शकते, जंतू रक्तात पसरल्यास जीवही जाऊ शकतो.

घरात कुणाला मधुमेह असेल तर रोज तळपाय तपासा. न भरणारी जखमही हाडापर्यंत पोहोचते.