चाक ट्यूबलेसचं, आत मात्र ट्यूब



आम्ही लालबाग-परळ भागात बचत गटांचं काम करतो. गटाचं अंतर्गत कर्ज पूर्वी फी, आजारपण, घरदुरुस्ती यासाठी जायचं. आता मुलीच्या सायकलीसाठी, डबे पोचवायच्या स्कूटरसाठीही मागणी येते. गाडी मुंबईतल्या भावाने बघायची आणि हप्ता गावाकडून फेडायचा, असंही पुष्कळ घरांत चालतं. त्यामुळे एक प्रश्न आम्हाला इथूनही येतो आणि गावाकडूनही. ‘दुकानदार ट्यूबलेस म्हणाला होता. पहिलं पंक्चर झालं, तर आतून ट्यूब निघाली. आम्हाला फसवलं का?’

बहुतेक वेळा फसवलेलं नसतं. जे सांगायला हवं होतं ते सांगितलेलं नसतं, एवढंच. पण पैसे आपले असतात, म्हणून हे नीट समजून घेऊ.

साध्या चाकात हवा ट्यूबमध्ये असते आणि टायर हे तिचं कवच. डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी १८८७-८८ च्या सुमारास आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर बनवला, तेव्हापासून सायकलीला हवा मिळाली. ट्यूबलेसमध्ये ती ट्यूबच नसते. टायरची कड रिमला घट्ट चिकटते आणि दोघं मिळून हवा धरतात. डब्याचं झाकण कितीही घट्ट बसलं, तरी डब्याच्या बुडाला भोकं असतील तर आतलं गळणारच. तारांच्या चाकाचं तेच होतं. प्रत्येक तारेसाठी रिमला भोक असतं, म्हणून एकतर आत ट्यूब घालायची, नाहीतर ती भोकं खास पट्टीने बंद करायची.

म्हणजे बघायच्या गोष्टी तीन आहेत. रिम कसली, टायर कसला आणि आत काय आहे. दुकानात बहुधा फक्त रिमबद्दल बोलतात. ‘ट्यूबलेस चालेल’ आणि ‘ट्यूबलेस आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि सगळा घोळ इथेच होतो.

गिअरच्या महागड्या सायकलींवर इंग्रजीत ‘ट्यूबलेस रेडी’ लिहिलेलं असतं. रेडी म्हणजे तयारी आहे, इतकंच. अशा बहुतेक नव्या सायकलींत कारखान्यातूनच ट्यूब घालून येते. कारण ट्यूब नसलेल्या सायकलीच्या टायरमध्ये एक पांढरं चिकट द्रावण ओतावं लागतं. बारीक भोक पडलं की ते तिथे जाऊन थिजतं आणि हवा थांबते. पण ते काही महिन्यांत सुकतं, उन्हात आणखी लवकर. सायकल खोक्यात, गोदामात, मग दुकानात किती दिवस पडून राहील ते कारखान्याला कुठे माहीत असतं? शिवाय हवा कमी करून पाठवलेला टायर रिमवरून सुटला, तर तो परत बसवायला एकदम जोराची हवा लागते, हातपंपाने सहसा जमत नाही. ट्यूबचं तसं नाही. दादर-परळला डबेवाल्यांच्या सायकली दिसतात ना, त्या साध्या ट्यूबच्याच. पंक्चर झालं तर कुठल्याही कोपऱ्यावर निघतं.

मोटरसायकलीत तारांची चाकं असली की बहुधा ट्यूब आलीच. अलॉय, म्हणजे ज्याला बरेच जण मॅकव्हील म्हणतात, त्यावर ट्यूब नसते असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. शंभर सीसीच्या कितीतरी गाड्या मॅकव्हीलवर ट्यूबचा टायर घालून विकल्या गेल्या. काही रिमवर ‘ट्यूबलेस टायर चालेल’ अशा अर्थाचं इंग्रजीत कोरलेलं असतं, आणि आत ट्यूब असते. उलट हल्लीच्या बऱ्याच स्कूटरची चाकं साध्या पत्र्याची असतात आणि टायर खरोखर ट्यूबलेस असतात. तेव्हा चाकाच्या चकाकीवर जाऊ नका.

टायरच्या बाजूवर इंग्रजी अक्षरांत ‘ट्यूबलेस’ किंवा ‘ट्यूब टाइप’ लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलीला सोबत न्या, तिला पाच मिनिटंही लागणार नाहीत. हवा भरायचा व्हॉल्व्हही बघा. स्कूटर-मोटरसायकलीला तो जाड रबराचा, रिममध्येच पक्का रुतलेला असेल, तर बहुधा ट्यूब नाही. धातूची दांडी आणि तिच्यावर नट असेल, तर पुन्हा विचारा. सायकलीवर वरून काही कळत नाही. तिथे दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्या, ट्यूब आहे की नाही. आमच्या गटांना आम्ही सांगतो की कर्जाच्या अर्जाबरोबर हे उत्तरही आणा.

मग सायकलीतली ट्यूब काढून टाकावी का? मुंबईत आम्ही तरी घाई करणार नाही. पण तुमच्याकडे वाटेवर सराटे आणि बाभळीचे काटे असतील, मुलीची शाळा लांब असेल, तर विचार करण्यासारखं आहे. मात्र टायरही ट्यूबलेससाठीचाच हवा. साधा टायर तसाच चढवला तर हवेच्या दाबाने रिमवरून निसटू शकतो. आणि ते पांढरं द्रावण दर काही महिन्यांनी पुन्हा भरावं लागतं. हा खर्च आधीच धरा.

स्कूटरवाल्या मैत्रिणींसाठी थोडं वेगळं. पावसाळ्यात खड्ड्यात रिमची कड दुमडते, हवा कमी होत राहते, आणि पंक्चरवाला म्हणतो, ‘ताई, आत ट्यूबच टाकून देतो.’ घरी पोचायला ते ठीक आहे, पण कायमचं नको. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर तो तिथेच अडकतो आणि हवा हळूहळू जाते. गाडी सावरायला वेळ मिळतो. ट्यूब असेल तर हवा एकदम जाऊ शकते. मागे मूल बसलेलं असताना हा फरक मोठा आहे. म्हणून रिम सरळ करून घ्या, नाहीतर बदला. टायरमधला खिळा रस्त्यावर स्वतः उपटू नका, तसंच हळू दुकानापर्यंत जा. रिमचे भाव मुंबईत विचारायचे असतील तर गिरगावच्या टोकाला ऑपेरा हाऊसच्या बाजूला गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्या.

आणि सायकलीतून काढलेली ट्यूब फेकू नका. टायर मोठा फाटला तर ते द्रावण पुरत नाही. तेव्हा फाटलेल्या जागी आतून जाड तुकडा लावून तीच ट्यूब घालायची आणि घरी यायचं. घडी करून, थोडी पावडर लावून पिशवीत ठेवून द्या.