शिकलेले वाया जात नाही



शहापूर तालुक्यातील तानसा तलाव तुम्ही पाहिला असेल. त्याचे धरण 1892 साली पूर्ण झाले. पाऊस चारच महिने पडतो. पण तलावात साठलेले पाणी मोठमोठ्या नळांतून वर्षभर मुंबईला जाते. पाणी साठवता येते, तसे शिक्षण साठवता येईल का?

समजा, तानसाजवळच्या गावातील एक मुलगी कॉलेजात शिकत आहे. पहिले वर्ष पास होते आणि वडील आजारी पडतात. घर चालवण्यासाठी तिला काम करावे लागते. मग तिने केलेला अभ्यास वाया गेला का?

नाही. आता कॉलेजातील अभ्यास श्रेयांकांत मोजतात. विषय किती चांगला आला, हे गुण सांगतात. किती अभ्यास पूर्ण झाला, हे श्रेयांक सांगतात. साधारणपणे वर्गातील 15 तासांच्या शिकवण्याला 1 श्रेयांक असतो. म्हणजे 4 श्रेयांकांच्या विषयाला 60 तास लागतात. पण नुसते वर्गात बसून श्रेयांक मिळत नाहीत. त्या विषयाची परीक्षा पास व्हावी लागते.

हे श्रेयांक जपून ठेवण्यासाठी 2021 साली श्रेयांकांची बँक सुरू झाली. तिच्यात पैसे नसतात. विद्यार्थ्याच्या नावाने खाते असते व कॉलेज किंवा विद्यापीठ त्यात श्रेयांक जमा करते. ते साधारणपणे सात वर्षांपर्यंत उपयोगी पडतात. त्यामुळे ती मुलगी दोन वर्षांनी परत आली, तरी तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

कॉलेज दूर असेल तर? नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अशांसाठीच 1989 साली स्थापन झाले. घरी अभ्यास करावा, अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन घ्यावे आणि परीक्षा द्यावी, अशी त्याची रीत आहे. 2017 पासून 'स्वयम्' या सरकारी योजनेतून संगणकावर किंवा मोबाइलवरही काही विषय शिकता येतात. परीक्षा मात्र नेमलेल्या केंद्रावर द्यावी लागते.

अमेरिकेत तर वर्गात न बसताही काही विषयांची 'क्लेप' नावाची परीक्षा देता येते. पास झालेल्यांना अनेक कॉलेजे श्रेयांक देतात. आपल्याकडे मात्र आधी प्रवेश घेऊन नाव नोंदवावे लागते.

शाळा सुटलेल्यांसाठीही असा मार्ग आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा उर्दू माध्यमातूनही देता येते. सर्व विषय एकदम देण्याची सक्ती नाही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही.

मात्र प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. संस्थेला मान्यता आहे का? हे श्रेयांक पुढचे कॉलेज मानील का? त्यांची मुदत किती? उत्तर लेखी घ्या. घाईने फी भरू नका.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी बहीण किंवा भाऊ शिक्षण अर्धवट सोडून बसला असेल, तर त्याला हे जरूर सांगा. तानसा तलाव एका सरीने भरत नाही. पदवीही एका दिवसात मिळत नाही. एकेक विषय पास होत गेला, तरी एक दिवस ती हाती येते.

स्वाध्याय
1. गुण आणि श्रेयांक यांत काय फरक आहे?
2. प्रवेश घेण्यापूर्वी कोणत्या तीन गोष्टी विचाराव्यात?
3. वाक्यात उपयोग करा : वाया जाणे, हाती येणे.