मोटर उलटी फिरेना? ड्रायव्हर बदलण्याआधी

दापोलीत कृषी अभियांत्रिकीचा प्रकल्प असो की घरच्या पडवीत जुळवलेलं सीएनसी, स्टेपर मोटर सुलटी नीट फिरली आणि उलटी फिरवताच कुरकुरली की निदान ठरलेलं: ‘ड्रायव्हर गेला.’ मग पुण्या-मुंबईहून पार्सल येईपर्यंत काम बंद. बरेचदा नवा ड्रायव्हरही तसाच वागतो, कारण दुखणं दुसरीकडेच असतं.

स्टेपर पल्सगणिक चालते, म्हणून ती हवी तेव्हा जागच्या जागी वळते, हा मोठा गैरसमज. रोटरला आणि त्यावरच्या भाराला जडत्व असतं. भर वेगात दिशा बदलली की रोटर मागे पडतो, पायऱ्या गळतात. अशा वेळी करंट वाढवण्याने मोटर तेवढी तापते. आधी वेग उतरवा, मग वळवा.

‘दिशेची पिन पल्सबरोबर बदलली तरी चालतं’ हेही खरं नाही. ए४९८८ ला दिशा पल्सच्या २०० नॅनोसेकंद आधी पक्की लागते, डीआरव्ही८८२५ ला ६५०. अर्डुइनोचं डिजिटलराइट मुळातच संथ, त्यामुळे या छोट्या ड्रायव्हरवर चूक सहसा दिसत नाही. डीएम५४२ सारख्या ऑप्टोकपलरवाल्याला मात्र ५ मायक्रोसेकंद हवेत. ते न मिळाले तर वळताना एखादी पायरी चुकीच्या दिशेला पडते.

वळल्यावर माप चुकलं की सगळे ‘स्टेप गळल्या’ म्हणतात. तेही तपासून म्हणावं. टोकाला डायल गेज लावा आणि मोटर शंभर वेळा पुढे-मागे करा. फरक पहिल्या फेरीइतकाच राहिला तर स्क्रू आणि नट यांच्यातली ढिलाई आहे. प्रोग्राममध्ये कितीही शोधलंत तरी ती सापडणार नाही. फरक वाढत गेला तर पायऱ्या खरंच चुकताहेत. फेऱ्याला ८ मिमी सरकणाऱ्या स्क्रूवर, २०० पायऱ्यांची मोटर १६ मायक्रोस्टेपवर असेल तर एक मायक्रोस्टेप म्हणजे ०.००२५ मिमी. प्रत्येक फेरीत एवढीच चूक झाली तरी ४०० फेऱ्यांत १ मिमी.

मोटर दोन्हीकडे नुसतीच थरथरत असेल तर कॉइलच्या जोड्या मल्टिमीटरने तपासा. समुद्राच्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना गंजतात. एक कॉइल तुटली की मोटर कुठल्याही दिशेला हिसका देते. जोड्या बरोबर असून मोटर नेहमीच नको त्या बाजूला जात असेल तर एकाच कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की पुरे.

मात्र वीज चालू असताना मोटरची वायर काढू नका. ए४९८८ सारखे ड्रायव्हर त्याने जळू शकतात.